मांजरपाटाची पिशवी

शब्बीर, ती पिशवी कंपनीची नव्हती.

ती मी शिवून घेतली होती. चामोर्शीच्या बाजारात, शिंप्याच्या मशीनसमोर उभा राहून, पातळ मांजरपाटाची. तुला सांगितलं की नागपूरहून कंपनीनं सुधारून पाठवली आहे, आणि तू ते खरं मानलंस. एवढं एक वाक्य तू जिवंत असताना माझ्या तोंडातून निघालं नाही. आता तू नाहीस तर भराभर निघतंय. यावरूनच माझी लायकी कळावी. मेलेल्या माणसापुढे कबुली द्यायला कसली हिंमत लागते? समोरून कोणी ‘काय बे मन्या, लाज नाई वाटत?’ म्हणत नाही. तू म्हणाला असतास. हातातला सँडपेपर फेकून मारला असतास आणि मग खाली बसून हसला असतास. ते हसणं टाळण्यासाठी मी सगळं केलं. तुझ्या खोकल्यापेक्षा मला तुझ्या हसण्याची भीती जास्त होती.

तुला माती द्यायला आलेल्या माणसांचं आधी सांगतो, तेवढीच तुझी करमणूक. ज्याच्या पलंगावर तू दोन मोर कोरून दिलेस आणि ज्यानं मोर जाड झाले म्हणून तक्रार केली, तो कब्रस्तानच्या फाटकापाशी उभा राहून मोठ्यानं सांगत होता, “बिडीनं नेला हो माणूस. मी किती सांगतलं त्याले.” त्यानं तुला आयुष्यात मोरांशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, “कारागीर लोकाइचं असंच असते.” त्याच्या घरातली देवघरापासून जेवणाच्या टेबलापर्यंतची प्रत्येक वस्तू तुझ्या हातची आहे, आणि तू त्याच्यासाठी ‘कारागीर लोक’.

तू बिडी कधीच सोडली होतीस. तिच्या जागी तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलास म्हणून नसीमभाभी तुझ्याशी बोलेनाशी झाली होती, तेव्हा मध्यस्थी करायला मीच गेलो होतो. हे त्या लोकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी त्यांच्याबरोबर मीही मान हलवली. बिडी किती सोयीची वस्तू आहे बघ. माणूस मेल्यावरही दुसऱ्याच्या उपयोगाला येते.

पुढचं ऐक. आपलं फर्निचरचं शेड परत उघडलं त्या सकाळी सुनंदाबाई घासाईच्या खोलीत आपल्या पाटावर बसली होती. शेजारचा तुझा पाट तिनं पुसून ठेवला होता. ती खुर्चीचे पाय घासत होती आणि मधूनमधून खोकत होती. तू बिडीनं गेलास हे तिनंही ऐकलं होतं. ती बिडी ओढत नाही, म्हणून निश्चिंत होती.

मी दारात उभा राहून तिचा खोकला ऐकला आणि माझ्या टेबलाकडे निघून गेलो.

*

भुसा ओढायची जुनी मशीन तू बनवली होतीस. चामोर्शीची एक धानगिरणी बंद पडली, तिथला कोंडा ओढणारा पंखा तू उचलून आणलास, त्याला पत्र्याचा भोंगा जोडलास, आणि रंधा मशीनपासून घासाईच्या खोलीपर्यंत पाइप फिरवून सगळा भुसा शेडच्या मागच्या खड्ड्यात नेऊन टाकलास. खड्ड्यातला भुसा बाया चुलीसाठी घेऊन जायच्या. तू तिला हेलिकॉप्टर म्हणायचास. ती सुरू झाली की बोललेलं ऐकू येत नसे, आपण खाणाखुणा करायचो.

मला तिची लाज वाटायची. गडचिरोलीचा कोणी साहेब ऑर्डर द्यायला आला की मी आधी तिचं बटण बंद करायचो. सागाच्या महागड्या फर्निचरचं आपलं शेड आणि मध्ये उभं ते गंजलेलं, गिरणीतलं धूड! मागच्या घरची बाई भांडायला यायची, तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर भुसा उडतो म्हणून. मला मनातून बरं वाटायचं, तुझ्या मशीनला कोणी तरी नावं ठेवतंय म्हणून. तू मात्र तिच्या अंगणात बसून मिरच्या झटकून द्यायचास आणि चहा पिऊन यायचास.

एका दुपारी पंख्याचं पातं निखळलं, लोखंडी डबा फाडून बाहेर आलं आणि सागाच्या थप्पीत जाऊन रुतलं. कोणाला लागलं नाही. तू ते उपसून काढलंस, कपाळाला लावलंस आणि म्हणालास, “जा बाई, लय काम केलं तू.”

नवी मशीन आणायची हे त्याच दिवशी ठरलं. मला नागपूरच्या दुकानातली निळी मशीन हवी होती; कोणती आणायची यावर जे भांडण लागलं ते अजून संपलेलं नाही. तुझ्या बाजूनं तू संपवलंस, आणि तेच मला खातंय.

“गोंडपिपरीच्या गिरणीत एक पंखा पडून हाय,” तू म्हणालास. “आपल्यापेक्षा मोठा. पायून येतो.”

“भंगार गोळा करायचं दुकान नाई आपलं.”

“भंगार नाई बे, बिडाच्या लोखंडाचा हाय. तू म्हणतो त्या निळ्या मशीनले पिशवी हाय ना? मंग हवा कुठी जाते?”

“पिशवीतून गाळून निघते.”

“निघून कुठी जाते?”

“इथीच. आत.”

“म्हंजे आपलीच थुंकी आपणच गिळाची?”

सगळे हसले. सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. मी लाल झालो. तू थांबला नाहीस. “त्या पिशवीचं कापड हातात घेऊन पायलं का? ढिवराच्या घरचा ना तू? तुह्या बापानं बोटं घातल्याबिगर कधी जाळं घेतलं का?”

हे तू प्रेमानं म्हणालास, मला ते टोचलं. माझे बाबा वैनगंगेवर जाळं टाकायचे. जाळं विकत घेताना दुकानात उकिडवे बसून घरांत बोटं घालून पाहायचे. झिंग्याचं जाळं बारीक, मरळीचं मोठ्या भोकांचं. मरळीच्या जाळ्यानं झिंगे पकडायला जाणाऱ्याला ते घरी येऊन हसायचे. मी त्या वासातून बाहेर पडून टेबलामागे बसलो होतो, साहेबांशी साहेबांसारखा बोलत होतो, आणि तू मला चारचौघांत परत नदीवर नेऊन बसवलंस. त्याच घटकेला माझं ठरलं, निळी मशीनच येणार.

नागपूरला मी एकटा गेलो. तू म्हणालास, “मले नवरी नोको दाखवू, तिच्या हातचं जेवण दाखव.” दुकानातला तो माणूस इस्त्रीच्या शर्टात होता आणि त्याला वास मोगऱ्याचा येत होता. त्यानं फरशीवर थर्माकोलच्या गोळ्या पसरल्या. मशीन सुरू केली. गोळ्या पाइपात सुर्रकन गेल्या. मग एक प्लायवूडचा तुकडा पाइपाच्या तोंडाला चिकटवून दाखवला. “झीरो डस्ट, सर,” तो म्हणाला. आणि मी, सागाच्या भुश्यात केस पांढरे झालेला माणूस, थर्माकोलच्या गोळ्या पाहून खूश झालो. आपल्या शेडमध्ये कधी कोणी थर्माकोल रंधलाय का रे? घासाईचा भुसा पिठासारखा असतो, तू त्याला मैदा म्हणायचास. मैद्याचं काय, हे मी त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर तू बरोबर निघाला असतास.

*

मशीन पहिले काही दिवस बरी चालली. तिची पिशवी जाड होती, घोंगडीसारखी. तिच्यात मैदा अडकून बसायचा. रोज बाहेर नेऊन झोडपली तर ती ठीक काम करायची, तसं त्या माणसानं सांगितलंही होतं. पण रोज झोडपणार कोण? पिशवी चोंदली, ओढ कमी झाली, रंधा मशीनच्या पायाशी छिलप्यांचा ढीग साठू लागला. तू येता-जाता म्हणायचास, “मन्याची नवरी रुसली वाटते आज.” कधी तिच्यावर दुपट्टा पांघरायचास. कधी तिला विचारायचास, “बाई, माहेरी जाता का?”

पिशवी झोडपण्याऐवजी मी शिंप्याकडे गेलो.

इथं मला एक गोष्ट कबूल करायलाच हवी, कारण ‘मला माहीत नव्हतं’ असं मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. शिंप्यानं मांजरपाटाचा तागा उलगडला तेव्हा मी कापड हातात घेऊन उन्हात धरलं. त्यातून मला समोरचा भाजीवाला दिसला. त्याच्या पाटीतली वांगी दिसली. बापाची सवय अंगात होती, मी भोकं पाहिली. पाहिली, आणि “हेच द्या” म्हणालो. “एवढी मोठी उशी कोणाची?” शिंप्यानं विचारलं. मी हसलो. ज्याच्या घरात सात पिढ्या जाळं ओळखण्यावर पोट भरलं, त्यानं झिंग्यांसाठी मरळीचं जाळं घेतलं. चुकून नाही.

नवी पिशवी चढवली आणि मशीन वाघासारखी ओढायला लागली. ओढणारच. तिला अडवायला काही उरलंच नव्हतं. छिलपे गेले, फरशी आरशासारखी झाली. जे दिसतं ते सगळं पिशवीत जात होतं, आणि जे दिसत नाही ते कापडातून आरपार जाऊन परत शेडमध्ये पसरत होतं.

“कंपनीनं सुधारून पाठवली,” मी म्हणालो.

तू मशीनभोवती फिरलास. खाली वाकून पाइपाला हात लावलास. कापडाला हात लावला नाहीस, कारण मी सांगितलं होतं कंपनीचं आहे, आणि मी तुझा मित्र होतो. दुसऱ्या दिवशी तू बाजारातून जिलेबी घेऊन आलास. चहाच्या वेळी रंधा मशीन बंद करायला लावलीस, शेडच्या मध्ये उभा राहिलास आणि कान पकडलेस.

“ऐका रे सारे. मी ह्या मशीनले अन् ह्या मन्याले लय बोललो. माहं चुकलं. मशीन चांगली हाय. मन्या, माफ कर बे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं ते तुला आठवत असेल. मी जिलेबी घेतली, खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणालो, “जाऊ दे. होते कधी कधी.”

होते कधी कधी! शब्बीर, शेडच्या दाराच्या चौकटीवरचं सागाचं लाकूड जरी त्या वेळी माझ्या डोक्यावर पडलं असतं तरी ते वाया गेलं नसतं.

मोठ्या मनाची माणसं वाईट असतात, हे मला तेव्हा कळलं. ती चूक मान्य करतात आणि मग पूर्ण करतात. तू मशीनवर भरवसा ठेवायचा ठरवलास तो सगळाच ठेवलास. घासाईच्या खोलीच्या खिडकीला फळ्या ठोकल्यास, म्हणालास, “बाहेरची धूळ पॉलिशवर बसते. आता मशीन हाय तं खिडकी काऊन पायजे?” तोंडाला दुपट्टा बांधायचास तो खुंटीवर गेला. मास्क तर तू कधीच लावला नाहीस, दाढीवर बसत नाही म्हणून. तुझाही राग येतो मला. एवढा चिकित्सक माणूस, लाकडाला नाक लावून सांगायचास हे आलापल्लीच्या जंगलातलं की दुसरीकडचं, आणि स्वतःच्या नाकात काय जातंय ते तुला कळू नये? दोस्तानं सांगितलं म्हणजे हवा स्वच्छ! हा कसला अडाणीपणा?

घासाईच्या खोलीच्या छपराच्या टिनाला एक भोक होतं. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप यायची, आणि तिच्यात उडणारा मैदा दिसायचा. पावसाळ्याआधी मी ते भोक डांबरानं बुजवलं. पाणी गळायचं हे खरंच होतं. पण मी शिडीवर चढलो तो पाण्यासाठी की त्या तिरिपीसाठी, हे मी स्वतःला अजून नीट विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते, म्हणजे उत्तर मला माहीत असणार.

मग तू खोकायला लागलास.

आपल्याकडे भुश्यात काम करणारे गूळ खातात. गुळानं भुसा खाली उतरतो म्हणतात. उतरत असेल, पोटात. फुप्फुसाची वाट वेगळी आहे एवढं शाळेत शिकलेल्या मलाही कळत होतं. तरी मी चांगला गूळ शोधून आणला, भेली फोडून स्वतः तुझ्या हातात खडे ठेवले. तू नसीमभाभीला सांगायचास, “मन्या माह्यासाठी गूळ आणते, भावानं नाई केलं एवढं करते.” ती मूळची जाड पिशवी तेव्हा कुठं होती सांगू? माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटावर, घडी करून ठेवलेली. हात वर केला असता तर मिळाली असती. कोणत्याही दिवशी. मी तुला गूळ देत राहिलो.

गडचिरोलीच्या दवाखान्यात आपण गेलो ते तर मला आठवायचंच नाही, पण तेच आठवतं. डॉक्टरनं विचारलं, काम कोणतं, धूळ असते का. तू तोंड उघडायच्या आत मी बोललो, “मशीन आहे ना सर. सगळं ओढून घेते.” आणि तू धाप लागत असताना, माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, “लय मस्त मशीन हाय साहेब. ह्यानंच आणली.”

डॉक्टरनं ते लिहून घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. नंतर बाहेर येऊन तो म्हणाला की फुप्फुसं फार थकली आहेत, कशानं ते एका गोष्टीवर ढकलता येत नाही. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बुडणारा माणूस लाकूड धरतो तसं नाही, चोर खिसा धरतो तसं.

*

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत निळी मशीन जळाली. मोटर उघडली तर आत मैदा. मला वाटलं, चला, हिनं तरी तोंड उघडलं.

परत नवी मशीन आणायची वेळ आली. तोच मोगऱ्याचा माणूस टेम्पोत नवं मॉडेल घालून आपल्या शेडवर आला. “मागचं बेसिक होतं सर,” तो म्हणाला. खिशातून पुडी काढली. थर्माकोलच्या गोळ्या! शब्बीर, तू हवा होतास. मी त्या पुडीकडे पाहून एवढा हसलो की तोही बिचारा हसायला लागला.

मी त्याला घासाईच्या खोलीत नेलं. शिडी लावून टिनाचं डांबर खरवडून काढलं. तिरीप आत आली. “आता चालवा,” मी म्हणालो. सुनंदाबाईनं सँडर धरला. मशीन घुमली. तिरिपीत मैदा निवांत तरंगत होता, कमी होता, पण होता.

“एवढं तं चालते सर,” तो रुमालात शिंकत म्हणाला.

“तुमी बसान का इथी दिवसभर?”

त्यानं घड्याळ पाहिलं. गोळ्या गोळा करून गेला. तो निदान जे विकायला आला होता तेच विकत होता. पिशवी झोडपा असंही त्यानं तेव्हा सांगितलं होतं. खोटी पिशवी त्याची नव्हती.

मी गोंडपिपरीला गेलो. तो बिडाचा पंखा अजून गिरणीच्या कोपऱ्यात होता, कोंबड्या त्यावर बसत होत्या. गिरणीवाला म्हणाला, “हा तं तुमच्या दोस्तानं पायून ठेवला होता. हात घालून पातं फिरवलं, कान लावून आयकलं. म्हणे, आमचा मन्या ऐकन तं नेतो.”

“मंग?”

“मंग काय, तुमी आयकलं नसन.”

तो पंखा आणला. भोंगा उंच केला, मागच्या बाईच्या मिरच्या वाचतील एवढा. पाइप जोडायचं काम सुरू झालं. खिडकीच्या फळ्या काढल्या. आणि बघ माझं नशीब, लोक माझं कौतुक करू लागले. शब्बीरभाऊची इच्छा मनोहरभाऊनं पुरी केली म्हणे. सुनंदाबाई डोळे पुसत म्हणाली, “भाऊ असते तं लय खूश झाले असते.” मग ती खोकली. मी म्हणालो, “हो ना.” जिलेबी खाणारा माणूस बदलत नसतो.

त्या ‘हो ना’नंतर मला घरी जाववलं नाही. मी तुझ्या घरी गेलो.

नसीमभाभी अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं पाट दिला. मी तेच सुरू केलं जे असल्या वेळी भित्री माणसं करतात. म्हणालो, “भाभी, माह्याकडून काही चुकलं असन तं...”

“काही म्हंजे काय?” ती म्हणाली.

मी तेच वाक्य परत सुरू केलं.

“चुकलं असन तं म्हणता. चुकलं का नाई ते तुम्हाले माहीत नाई? मंग मले कसं माहीत राहीन?”

मग मी सांगितलं. शिंपी, मांजरपाट, भाजीवाला, कपाटावरची पिशवी. ती तांदूळ निवडत राहिली. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

“त्या दिवशी हे घरी आले ना,” ती म्हणाली, “हसत होते. म्हणे, आज मन्याची माफी मांगून आलो, मोकळं वाटून राह्यलं. दोस्ताजवळ हारलं तं काय बिघडते.” तिनं सूप परत मांडीवर घेतलं. “माफी मले काऊन मांगता, मनोहरभाऊ? मी त्या खोलीत बसत नव्हती. ज्याइच्या समोर त्याइनं मांगतली, त्याइच्या समोर तुमी मांगा. अन् लवकर मांगा. तिथी अजून माणसं बसून राह्यली.”

तिनं मला चहा विचारला नाही. तुझ्या घरून मी पहिल्यांदाच चहा न घेता परत आलो, आणि मला ते बरं वाटलं. कोणी तरी माझी बरोबर किंमत केली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी रंधा मशीन बंद करायला लावली. तू उभा होतास तिथंच उभा राहिलो. दोन्ही पिशव्या समोर ठेवल्या, जाड आणि पातळ.

“हे कंपनीची,” मी म्हणालो. “अन् हे माही. शब्बीरले मी सांगतलं का कंपनीनं पाठवली. खोटं होतं. ओढ वाढावी म्हणून मी पातळ कापड लावलं. छिलपे आत गेले, मैदा बाहेर आला. तो तुमी सारे ओढत राह्यले. शब्बीर कशानं गेला ते मले नाई सांगता येत. पण बिडीनं गेला म्हणून मी मान हलवली ते लपाले हलवली.”

सुनंदाबाई उठली. तिनं मांजरपाटाची पिशवी उचलली, आत हात घालून बोटं पसरली आणि घासाईच्या खोलीच्या दारात जाऊन ती तिरिपीत धरली. कापडाच्या पलीकडून तिची बोटं दिसत होती. कापडाच्या वरून ती माझ्याकडे पाहत होती.

“मंग माहा खोकला?”

“उद्या गडचिरोलीले जाऊ. तपासू. डॉक्टरले मी खरं सांगतो. बाकीच्याइनंही याचं.”

“अन् नाई सांगतलं असतं तं?”

“तं तुमी खोकत राह्यल्या असत्या,” मी म्हणालो.

तिनं पिशवी खाली टाकली. “बोला मंग,” ती म्हणाली. “भाऊनं कान धरले होते.”

मी कान धरले.

“त्या दिवशी शब्बीरनं इथी उभं राहून माही माफी मांगतली. चूक माही होती, अन् जिलेबी मी खाल्ली. ते माफी माही नव्हती, मी वापस करतो. शब्बीर, तू बरोबर होता. मी जाळं पायलं होतं, पाऊन घेतलं होतं. माफ कर बे. सुनंदाबाई, मले माफ करा.”